किल्ल्याचा चढ, कुरकुरणारे गुडघे आणि मोटर नेमकी कुठे

पत्र असं आलंय:

"काका, नमस्कार. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात शिंद्यांच्या छावणीजवळ राहते, वय ४७, नोकरी किल्ल्यावर. रोज ई-रिक्षाने किल्ल्याच्या उरवाई दरवाजापर्यंत जाते आणि पुढे वर जाणाऱ्या कोणाच्या तरी गाडीवर, आणि ते 'कोणीतरी' रोज शोधायचा आता कंटाळा आलाय. गुडघे कुरकुरतात, डॉक्टर म्हणाले सायकल चालवा पण जोर लावू नका. म्हणून ई-सायकल घ्यायचं डोक्यात आहे. एका बाजूने चारेक किलोमीटर पडतं. बजेट ४५ हजार, ओढूनताणून पन्नास. इथल्या दुकानात सगळ्या मागच्या चाकात मोटर असलेल्या आहेत, दुकानदार म्हणतो मॅडम किला तो क्या, हिमालय चढ़ जाओगी. भाचा पुण्यात असतो, तो म्हणतो मावशी हब मोटर म्हणजे खेळणं, चढावर जळेल, मिड-ड्राइव्हच घे, आणि त्याने पाठवलेल्या सगळ्या लाखाच्या पुढच्या. यजमान म्हणतात स्कूटी घे आणि विषय संपव. माझं वजन ६८, तुम्ही विचारणारच म्हणून आधीच लिहिते. काय घेऊ? आणि ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यापर्यंत थांबू का? — अ., लष्कर"

ताई, नमस्कार.

वजन स्वतःहून लिहिलंत त्याबद्दल आधी आभार, नाहीतर लोक "मी मध्यम बांध्याचा आहे" एवढंच लिहितात आणि मला अंदाजपंचे दाहोदरसे करत बसावं लागतं.

उत्तर पहिलंच देऊन टाकतो, म्हणजे तुमचा चहा गार व्हायला नको. मागच्या चाकातली मोटरच घ्या, पण दुकानदाराने समोर उभी केलेली ती बहुतेक नको, कारण तुमचा खरा प्रश्न मोटरपेक्षा गिअरचा आहे आणि तो तुम्ही विचारलाच नाहीत, दुकानदाराने सांगितला नाही आणि भाच्याच्या लक्षात आला नाही. भाचा चूक नाहीये बरं का, पुण्याच्या हिशोबाने तो अगदी बरोबर बोलतोय.

आता फरक काय ते. हब मोटर म्हणजे चाकाच्या मधोमध डब्यासारखी बसलेली मोटर, ती चाक थेट फिरवते, तिचा चेनशी संबंध नाही. मिड-ड्राइव्ह पॅडलच्या आसापाशी बसते आणि तुमचे पाय जी चेन ओढतात तीच चेन तीही ओढते, म्हणजे तुम्ही गिअर बदललात की मोटरचाही गिअर बदलतो. बास, सगळा फरक एवढाच, बाकीचं रामायण ह्याच्याच मागून येतं. आणि हे भांडण आजचं नाही, अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन नावाच्या माणसाने १८९५ मध्ये मागच्या चाकात मोटर बसवलेल्या सायकलचं पेटंट घेतलं आणि दोनच वर्षांनी होझिया लिबीने पॅडलच्या आसाशी मोटर बसवायचं घेतलं. मग मधे जवळजवळ शंभर वर्षं कोणी फार मनावर घेतलं नाही, १९९३ मध्ये यामाहाने जपानमध्ये पायाच्या जोराला मदत करणारी सायकल बाजारात आणली, तिची मोटर मधे होती. म्हणजे तुमचा भाचा आणि तुमचा दुकानदार सव्वाशे वर्षांपूर्वीचंच भांडण भांडतायत.

आता किल्ला. पायथ्यापासून वर साधारण तीनशे फूट, नव्वद मीटर धरू. तुम्ही ६८, सायकल २४, आणि पर्स, डबा, पाण्याची बाटली, छत्री मिळून ८, झाले शंभर किलो. शंभर किलो नव्वद मीटर उचलायला किती ऊर्जा लागते ते शाळेतल्या एमजीएचने काढा, ८८ हजार ज्यूल येतात, म्हणजे साधारण २५ वॉट-अवर. आणि बॅटरी असते ३६ व्होल्टची, साडेसात अँपिअर-अवर धरली तर गुणाकार २७०. म्हणजे अख्खा ग्वाल्हेरचा किल्ला चढायला बॅटरीचा दहावा हिस्सासुद्धा लागत नाही! ह्या चढासाठी किती फौजा खाली तळ ठोकून बसल्या आणि आपण तो पंचवीस वॉट-अवरमध्ये मोजून मोकळे. बरं मोटर काही शंभर टक्के कामाची नसते, निम्मी वीज उष्णतेत गेली असं धरा, तरी पन्नास. बॅटरी पुरेल का ही काळजी डोक्यातून काढून टाका.

काळजी दुसरी आहे. २६ इंची चाक ताशी २५ च्या वेगाला मिनिटाला साधारण २०० फेरे घेतं आणि हब मोटर त्याच वेगासाठी बनवलेली असते, तिथे ती खुशीत असते. चढावर तुमचा वेग आठावर आला की फेरे उरतात ६५ आणि मोटर मात्र बॅटरीकडून करंट ओढतच राहते, मग तो करंट चाक फिरवायच्या ऐवजी आतल्या तांब्याच्या तारा तापवण्यात जातो. आपल्याकडच्या बहुतेक हब मोटरच्या आत नायलॉनचे छोटे दातेरी गिअर असतात, फार तापले की ते मऊ पडतात, दात झिजतात, मग कर्रर्र असा आवाज. भाचा "जळेल" म्हणतो ते हेच. मिड-ड्राइव्हला हा त्रास कमी, कारण मागे मोठं चक्र लावलं की चाक सावकाश फिरलं तरी मोटर आपल्या आवडीच्या वेगातच फिरत राहते, स्कूटरला चढावर पहिला गिअर टाकतो ना, तसं.

मग मी हब का म्हणतोय? कारण भाच्याच्या डोळ्यांपुढे सिंहगड आहे. तो घाट आठ-नऊ किलोमीटरचा, सायकलवर पाऊण-एक तास नुसतं चढायचं, तिथे छोटी हब मोटर खरंच रडते. तुमचा चढ किती वेळाचा? मोटर २५० वॉटची, त्यात तुमच्या पायांचे पन्नास-साठ, हिशोब करून बघा, सात-आठ मिनिटांत तुम्ही वर आहात, फार तर दहा. जाड तवा तापायलाही वेळ लागतो, अडीच-तीन किलोची मोटर तापेपर्यंत तुमची चढण संपलेली असते आणि मग ती दिवसभर गार होत बसते, तुम्ही उतरणार संध्याकाळी. शिवाय तुम्ही सकाळी चढता. दुपारी दोनला मे महिन्यात ४५ अंशात चढायचं असतं तर मी एवढ्या बेफिकिरीने लिहिलं नसतं, तेव्हा तवा आधीच गरम असतो. तशी वेळ आलीच कधी तर अर्ध्यात थांबा, उरवाईच्या कातळातल्या त्या उंचच उंच जैन मूर्ती आहेत ना पंधराव्या शतकातल्या, त्यांच्यासमोर पाच मिनिटं सावलीत उभं राहा, मोटरलाही विसावा आणि तुम्हालाही. आम्ही लष्करवाले जन्मभर त्यांच्या समोरून गाडी दामटत जातो, नीट बघतो कधी?

आता गुडघे, आणि इथे जरा नीट वाचा, कारण पैसे इथे वाया जातात. हब मोटरला बदलता येणारा गिअर मिळत नाही, पण तुमच्या पायांना मिळतो. दुकानात ज्या स्वस्तातल्या ई-सायकली असतात त्यांत बऱ्याचशा सिंगल स्पीड असतात, म्हणजे गिअरच नाहीत, सपाट रस्त्याला मस्त, महाराज बाड्यावर भाजी आणायला उत्तम, किल्ल्याला बाद. सात गिअरच्या असतात त्यांतही फसवणूक म्हणणार नाही पण अर्धवटपणा असतो, पुढचं चेनव्हील ४२ दातांचं आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र २८ दातांचं. ह्याचा अर्थ पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल तीन मीटरच्या वर पुढे जाते, आणि ताशी आठच्या वेगाला तुमचे पाय मिनिटाला जेमतेम ४३ वेळा फिरतात. सावकाश फिरणारा पाय म्हणजे प्रत्येक फेऱ्यात जास्त जोर, आणि डॉक्टरांनी नेमकं तेच नको म्हटलंय! त्याच सायकलला पुढे ३६ आणि मागे ३४ दातांपर्यंतचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चक्रांचा जुडगा, लावलं, तर तेवढ्याच वेगाला पाय ६० च्या वर फिरतात, जोर हलका होतो, गुडघा गप्प बसतो. फ्रीव्हील आणि चेनव्हील बदलायला फार पैसे लागत नाहीत, कोणताही बरा सायकलवाला तासाभरात करून देतो, फक्त मोठं चक्र लावल्यावर डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, पुरतोय ना आणि चेन पुरेशी लांब आहे ना हे बघायला सांगा, नाहीतर मोठ्या चक्रावर टाकताना चेन ताणली जाऊन डिरेलरच उपटून येतो. दुकानदाराला थेट विचारा, "भैया, आगे कितने दाँत, पीछे सबसे बड़ा कितने का?" तो गोंधळला तर स्वतः मोजा, सोपं आहे, खडूने एका दातावर खूण करायची आणि मोजत जायचं. मी दुकानात मोजत बसलो होतो तेव्हा मालकाने पोराला सांगितलं, अंकल को चाय पिला।

सीटची उंची, हेही गुडघ्याचंच. बायकांना विकताना दुकानदार सीट खाली घालून देतात, दोन्ही पाय टेकले पाहिजेत म्हणून. मग पॅडल मारताना गुडघा छातीशी येतो आणि दुखतो, आणि दोष मोटरला. पॅडल सगळ्यात खाली असताना टाच पॅडलवर ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे, एवढी वर हवी. सुरुवातीला भीती वाटेल, आठ दिवस एखाद्या मोकळ्या मैदानात फिरवा सकाळी.

सेन्सर दोन तऱ्हेचे असतात. स्वस्त सायकलीत पॅडलपाशी चुंबकांची एक चकती असते, तिला फक्त पाय फिरतोय की नाही एवढंच कळतं, म्हणून अर्धा फेरा झाल्यावर मोटर एकदम ढकलते आणि पाय थांबवल्यावर क्षणभर ढकलतच राहते. दुसरा टॉर्क सेन्सर, तो तुम्ही किती जोर लावताय ते मोजतो आणि त्या प्रमाणात मोटर साथ देते, चालवताना वाटतं आपलेच पाय वीस वर्षांनी तरुण झालेत. मिड-ड्राइव्हचं जे कौतुक लोक करतात त्यातलं निम्मं खरं तर ह्या सेन्सरचं कौतुक आहे, आणि तो हबच्या काही सायकलींतही मिळतो. बजेटात बसला तर घ्या. नाही बसला तरी अडत नाही, थ्रॉटल, म्हणजे स्कूटरसारखी पिळायची मूठ, असेल म्हणजे झालं, कारण चढावर मधेच थांबून परत निघताना त्या चकतीवाल्या सेन्सरची फजिती होते, अर्धा फेरा मारायच्या आधीच सायकल मागे सरकते, तिथे थ्रॉटल जरासा पिळला की निघता येतं. पण पूर्ण चढ नुसत्या थ्रॉटलवर चढू नका, वर सांगितलेलं तापण्याचं सगळं पुराण तेव्हाच खरं होतं. पाय चालू ठेवायचे, हलके पण चालू.

आता दुरुस्ती, ज्याच्यामुळे मी शेवटी हबच्या बाजूला झुकलो. माझ्याकडे हबवाली चार वर्षं आहे. दुसऱ्या वर्षी फूलबागेजवळ मागचे दोन स्पोक तुटले, टण टण असा आवाज आला, मला वाटलं कोणी दगड मारला. हे हबचं जुनं दुखणं आहे, मोटरचं वजन आणि जोर दोन्ही त्या चाकाच्या स्पोकांवर येतो. जिथून घेतली त्या दुकानात नेली तर म्हणाले चाक कंपनीत पाठवावं लागेल, आणि तीन आठवडे सायकल त्यांच्या मागच्या खोलीत धूळ खात पडली, चाक कुठेही गेलं नव्हतं. शेवटी उचलून कंपू भागातल्या एका म्हाताऱ्या पंक्चरवाल्याकडे नेली, त्याने जाड गेजचे स्पोक कुठूनतरी शोधून आणले, कापून आटे पाडले, अर्ध्या तासात चाक सरळ. तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी सगळे स्पोक बोटांनी दाबून बघतो, ढिला लागला की त्याच्याकडे. तुम्ही घेतानाच मागच्या चाकाचे सहा-आठ जादा स्पोक मागून घ्या, मोटरच्या चाकाचे स्पोक आखूड असतात, साध्या सायकलचे बसत नाहीत.

आणि दुसरीकडे माझा एक मित्र आहे, त्याच्या मुलाने परदेशातून चांगली महागाची मिड-ड्राइव्ह पाठवली. काय सुरेख चालायची! मी एकदा चालवली आणि दोन दिवस बायकोशी नीट बोललो नाही, इतका हेवा वाटला. मग एक दिवस स्क्रीनवर कसला तरी एरर आला आणि मोटर बंद. अशा मोटरी उघडायला, निदान त्यातलं बिघडलेलं काय ते कळायला कंपनीचं सॉफ्टवेअर आणि त्यांचाच माणूस लागतो, आणि तो ग्वाल्हेरात नाही. सहा आठवडे ती सायकल ओसरीत उभी होती आणि वहिनी तिच्यावर टॉवेल वाळत घालत होत्या. पुण्यात, बंगलोरला गोष्ट वेगळी, तिथे असा माणूस सापडू शकतो, म्हणून म्हटलं भाचा त्याच्या जागी बरोबर आहे. इथे हब मोटर बिघडली तर ई-रिक्षा दुरुस्त करणारी पोरंसुद्धा हॉल सेन्सर, कंट्रोलर, वायर ओळखतात, कारण कुळ एकच, फक्त हे पिल्लू लहान. ई-रिक्षा ह्या गावात किती झाल्यात ते तुम्हाला माहितीच आहे, त्याचा फायदा हा.

चेनचंही बघा. मिड-ड्राइव्हमध्ये तुमचा जोर आणि मोटरचा जोर दोन्ही एकाच चेनवर, त्यामुळे चेन आणि मागची चक्रं लवकर झिजतात, आणि चेन तुटली तर मोटर कितीही भारी असो, तुम्ही पायी. हबमध्ये चेन तुटली तरी थ्रॉटलवर घरी येता. दोन्हीकडे चेन मापायची सवय ठेवा, लोखंडी फूटपट्टी घ्यायची, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवायचं, बारा इंचांवर बरोबर पिन आली पाहिजे, ती एक-सोळांश इंच पुढे गेली की चेन बदलायची, म्हणजे चक्रं वाचतात.

हबचा एक खरा वैताग सांगायचा राहिला, मागचं पंक्चर. चाक काढायचं म्हणजे मोटरच्या वायरचं कनेक्टर सोडवायचं, जाडजूड नट खोलायचे, परत बसवताना आसाचे खाचवाले वॉशर बरोबर खाचेत बसले पाहिजेत, कारण नट ढिला राहिला तर मोटर चाकाच्या ऐवजी स्वतःचा आसच फिरवते आणि वायर पिळून तोडते. म्हणून १८ नंबरचा पाना बॅगेत ठेवा. आणि साधं पंक्चर असेल तर चाक काढूच नका, पंक्चरवाल्याला सांगा टायर एका बाजूने उतरवून ट्यूब ओढून तिथेच पॅच मार, त्याला हे येतं, आपण सांगितलं नाही तर तो चाक खोलायला बसतो.

वर जायचं सगळे बोलतात, खाली यायचं कोणी बोलत नाही. शंभर किलो ऐवज घेऊन तुम्ही संध्याकाळी उरवाईचा उतार उतरणार, वळणं आहेत, गाड्या वर येत असतात. डिस्क ब्रेक पाहिजेत, दोन्ही चाकांना, आणि ब्रेक दाबल्याबरोबर मोटर बंद झाली पाहिजे, हे दुकानातच चाक उचलून थ्रॉटल देऊन ब्रेक दाबून तपासा. उतारभर ब्रेक धरून ठेवू नका, दाबा सोडा दाबा सोडा. आणि कोणी सांगितलं ना की उतारावर बॅटरी परत चार्ज होते, तर हसून सोडून द्या. आत गिअर असलेली हब मोटर उतारावर मोकळी फिरते, तिच्यातून वीज परत येत नाही, मिड-ड्राइव्हमधूनही साधारणतः येत नाही. बिनगिअरच्या जड हबमधून येऊ शकते, पण किती? चढताना उंचीचे म्हणून गेलेच होते पंचवीस वॉट-अवर, त्यातले थोडेसे, म्हणजे फार तर एक किलोमीटर सपाटीची चाल. त्यासाठी तेवढं धूड रोज वाहायचं?

बॅटरीचं थोडक्यात. सपाटीला किलोमीटरमागे आठ-दहा वॉट-अवर धरा, आठ किलोमीटर आणि एक चढ मिळून दिवसाला सव्वाशेच्या आसपास, २७० ची बॅटरी घेतली तर एक दिवसाआड चार्जिंग, ३६० ची घेतली तर दोन दिवस निवांत, आणि विजेचा खर्च इतका किरकोळ की लिहीत नाही. काढता येणारी बॅटरी घ्या, ती वर उन्हात सायकलवर सोडायची नाही, सोबत आत न्यायची. आणि आपल्याकडची लू माहितीये, बाहेरून आल्या आल्या गरम बॅटरी चार्जिंगला लावू नका, लिथियमला ४५ अंशांच्या वर चार्ज केलेलं सोसत नाही, आधी तासभर घरात गार होऊ द्या, तुम्ही पन्हं पिताय तेवढ्यात ती पण निवेल.

मेळ्याचं विचारलंत. मेळ्यात गाडी घ्यायची आपली परंपरा आहे खरी, आरटीओच्या टॅक्समध्ये सूट मिळते म्हणून लोक महिनोन्महिने थांबतात. पण ही सायकल २५० वॉटच्या आतली आणि ताशी २५ च्या वर मोटर न ढकलणारी असेल तर कायद्याने मोटार गाडीच नाही, रजिस्ट्रेशन नाही, लायसन्स नाही, टॅक्सच नाही तर सूट कशावर? दुकानदाराने स्वतःची काही ऑफर दिली तर वेगळी गोष्ट. थांबू नका. आणि "मॅडम, लॉक खोल दूँ? पैंतीस चलेगी" असं कोणी म्हटलं तर नाही म्हणा, मग ती कायद्याने गाडी होते, अपघातात तुमच्या बाजूने कोणी उभं राहत नाही, आणि ज्या मोटरला आपण चढावर सांभाळतोय तिच्यात जादा करंट जातो तो वेगळाच.

यजमानांच्या स्कूटीबद्दल मी बोलणार नाही, त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. फक्त डॉक्टरांनी पाय हलवायला सांगितलेत आणि स्कूटीवर पाय हलत नाहीत, एवढं त्यांना सांगा.

मग करायचं काय, तर पैसे द्यायच्या आधी दुकानदाराला म्हणा मला सायकल एका तासासाठी द्या, मी उरवाईला जाऊन येते, हवं तर आधार कार्ड ठेवा आणि तुमचा पोरगा स्कूटरवर सोबत पाठवा. दुकानासमोरच्या गल्लीतली चाचणी मी चाचणी धरत नाही. सर्वांत हलक्या गिअरवर, असिस्ट मधल्या नंबरवर, पाय फिरवत वर जा. पोचल्यावर लगेच उतरून मागच्या डब्याला हाताचा पंजा लावा, तीन-चार सेकंद धरवला तर सगळं ठीक. मग खाली या आणि लगेच दुसऱ्यांदा चढा, ही खरी परीक्षा, रोज तुम्हाला ती द्यायची नाहीये पण मोटरने दिली पाहिजे. दुसऱ्यांदा हात लावताक्षणी मागे घ्यावा लागला, किंवा मधे कुठे मोटरने दम सोडला आणि तुम्हाला पॅडलवर उभं राहावं लागलं, तर ती सायकल नको. दुकानदार वर न्यायला नाही म्हणाला तर दुकान नको.

आणि समजा हबच्या दोन-तीन सायकली ह्या परीक्षेत नापास झाल्या, सीट आणि गिअर नीट लावूनसुद्धा, तर मी हट्ट धरणार नाही. मग घरातली चांगल्या दणकट फ्रेमची गिअरवाली सायकल असेल तर तिला मिड-मोटरचा किट बसवता येतो, पॅडलच्या आसाची नळी ६८ किंवा ७३ मिलिमीटरची आणि आतून आट्यांची असावी लागते, मेकॅनिककडून कॅलिपरने मोजून घ्या, आणि किट २५० वॉटचाच. त्यात टॉर्क सेन्सरवालेही मिळतात. लाखाच्या सायकलीपेक्षा ते स्वस्त पडतं आणि बिघडलं तर मोटर काढून साधी सायकल उरते. पण बसवणारा हात चांगला पाहिजे, आणि पुढचं चेनव्हील किटबरोबर बहुतेक मोठंच येतं, तेव्हा दातांचा हिशोब परत पहिल्यापासून करायचा.

उरवाईची चाचणी सकाळी आठच्या आत उरका, नऊनंतर वर जाणाऱ्या टॅक्स्या आणि पर्यटकांच्या गाड्या सुरू होतात, वळणावर हॉर्न देत अंगावर येतात आणि मग तुमचं लक्ष मोटरवर राहत नाही.